गाडी तीन सेंटीमीटर खाली बसवली, टायर रुंद केले. मग नगरच्या रस्त्यावर नेमकं काय होतं?

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कोपरगाव तालुक्यात, असा सपाट आणि रुंद रस्ता आला की त्यावर जमिनीला चिकटलेली स्पोर्ट्स कार शोभून दिसावी. पण शिर्डीला महामार्ग सोडून नगर-मनमाड रस्त्याने राहात्याकडे, कोल्हारकडे, राहुरीकडे निघालं की चित्र बदलतं. खड्डे आणि रखडलेली कामं यामुळे हा रस्ता वर्षानुवर्षे बातम्यांत आहे.

एकच गाडी, एकाच दिवशी, दोन्ही रस्त्यांवर चालते. आणि नेमकं इथेच 'लोअरिंग स्प्रिंग' आणि 'रुंद अलॉय व्हील' या दोन लोकप्रिय बदलांचा खरा हिशोब कळतो. गाडी खाली बसवली की ती दिसते छान, वळणावरही चांगली चालते, हे खरं आहे. पण त्या बदल्यात काय द्यावं लागतं? फक्त थोडे जास्त धक्के, की आणखी काही?

उत्तर समजायला आधी गाडीच्या खाली वाकून बघावं लागेल.

स्प्रिंगचं काम काय?

चाक खड्ड्यात गेलं किंवा गतिरोधकावर चढलं, तरी गाडीची बॉडी शक्यतो एकाच उंचीवर राहावी, हे सस्पेन्शनचं काम. त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, स्प्रिंग. ती गाडीचं वजन पेलते आणि धक्का बसला की दबते.

दुसरी, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप'. नाव काहीही असलं तरी धक्का मुख्यतः स्प्रिंग झेलते. दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळू नये, म्हणून तिला आवर घालणं हे शॉकअपचं काम.

तिसरी, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही ती, बम्प स्टॉप. हा रबराचा किंवा फोमचा ठोकळा असतो. चाक वर येऊ शकेल तेवढं वर आलं की सस्पेन्शन या ठोकळ्यावर आपटतं. पाठीला सणक देणारा 'धाड' असा आवाज येतो, तो बहुतेक वेळा इथूनच.

चाक स्थिर स्थितीपासून बम्प स्टॉपपर्यंत जितकं वर येऊ शकतं, त्या अंतराला 'ट्रॅव्हल' म्हणतात. गाडी खाली बसवणं म्हणजे हे अंतर कमी करणं.

तीन सेंटीमीटरचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण ते वास्तवाच्या जवळचे आहेत.

समजा, एका चाकावर बॉडीचं ३५० किलो वजन येतं. कंपनीची स्प्रिंग अशी आहे की दर २५ किलोला ती १ सेंटीमीटर दबते. बम्प स्टॉपपर्यंत ८ सेंटीमीटर जागा आहे.

आता लोअरिंग स्प्रिंग बसवली. गाडी ३ सेंटीमीटर खाली आली. म्हणजे उरलेली जागा ५ सेंटीमीटर. जागा कमी झाल्यामुळे या स्प्रिंग मुद्दामच कडक बनवतात. आपली नवी स्प्रिंग ३० टक्के कडक आहे असं धरू. म्हणजे १ सेंटीमीटर दबायला आता साडेबत्तीस किलो लागतात.

सहज विचार केला तर वाटतं की जागा थोडी कमी झाली, पण स्प्रिंग कडक झाली, म्हणजे हिशोब बरोबर. पण तसं होत नाही. स्प्रिंग किती धक्का पोटात घेऊ शकते, हे तिच्या कडकपणावर आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. अंतर अर्धं झालं तर क्षमता अर्धी नाही, पाव होते.

जुन्या स्प्रिंगचा हिशोब: २५ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे १६००.
नव्या स्प्रिंगचा हिशोब: साडेबत्तीस गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे सुमारे ८१२.

स्प्रिंग ३० टक्के कडक करूनही धक्का झेलण्याची क्षमता जवळपास निम्मी झाली. जो खड्डा आधी स्प्रिंगमध्ये जिरत होता, तो आता बम्प स्टॉपवर आपटणार.

मग पुरेशी कडक स्प्रिंग लावली तर? उरलेल्या ५ सेंटीमीटरमध्ये जुनी क्षमता परत मिळवायची असेल, तर दर सेंटीमीटरला ६४ किलो लागतील अशी स्प्रिंग हवी. मूळ स्प्रिंगच्या अडीच पटीहून कडक. मूळ गाडी धक्क्यानंतर सेकंदाला साधारण १.३ वेळा वरखाली होत होती. हा वेग माणसाच्या चालण्याच्या लयीच्या जवळचा आहे, म्हणून शरीराला तो त्रासदायक वाटत नाही. अडीच पट कडक स्प्रिंगवर हाच आकडा २.१ च्या पुढे जातो. मग लहानसहान उंचवटासुद्धा थेट सीटपर्यंत पोचतो.

म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या, खाली बसवलेल्या गाडीपुढे दोनच पर्याय उरतात. एक तर ती वारंवार आपटेल, नाही तर कायम कडक चालेल. तिसरा पर्याय नाही, कारण चूक स्प्रिंगची नाही, कमी झालेल्या जागेची आहे.

मग मिळतं काय?

मिळतं, आणि ते खोटं नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, ते थोडं कमी जातं. गाडी कमी कलते. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं.

पण किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर होता आणि तो पूर्ण ३ सेंटीमीटर खाली आला असं धरलं, तरी वजनाची ही ढकलाढकल ६ टक्क्यांनी कमी होते. सपाट रेसिंग ट्रॅकवर ६ टक्के ही मोठी गोष्ट आहे. तिथे लॅपचा वेळ सेकंदाच्या हिश्शांत मोजतात आणि खड्डा नावाचा प्रकार नसतो.

नगर-मनमाड रस्त्यावर मात्र सौदा असा होतो: वळणावरचे ६ टक्के मिळवायला धक्का झेलण्याची जवळपास निम्मी ताकद द्यायची.

त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. अनेक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन असतं. त्यात गाडी खाली आली की खालच्या आर्मचा कोन बदलतो. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे बॉडीला कलवणारी तरफ उलट लांब होते. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल, तर 'वळणावर कमी कलावी' म्हणून खाली बसवलेली गाडी अपेक्षेइतकी फायद्यात राहत नाही.

रुंद टायर: पकड वाढते, पण भिंत बुटकी होते

टायरवर २२५/४५ आर १७ असं लिहिलेलं असतं. २२५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

या मापात बाजूची भिंत १०१ मिलिमीटर उंच येते. चाकाचा एकूण व्यास ६३४ मिलिमीटर.

आता मालकाने १९ इंची अलॉय आणि २५५/३० आर १९ टायर घेतले. एकूण व्यास येतो ६३६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. स्पीडोमीटर चुकत नाही. पण भिंत उरते फक्त ७६ मिलिमीटर. रबर आणि हवेची सुमारे २५ मिलिमीटर गादी गेली आणि तिच्या जागी धातू आला.

खड्ड्याच्या धारदार कडेवर सगळ्यात आधी दबतो तो टायर, स्प्रिंग नंतर. ही गादी पातळ झाली की दोन गोष्टी होतात. छोटे, तीव्र धक्के थेट आत येतात. आणि मोठ्या खड्ड्यात टायर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटला जातो. मग टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा अलॉय वाकतं. बाजूला फुगा आलेला टायर म्हणजे आतले धागे तुटलेला टायर. त्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नाही, तो बदलावाच लागतो. असा टायर घेऊन समृद्धीवर ताशी १२० ने जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

रुंदीबद्दल एक गैरसमज मोठा आहे. टायर रुंद झाला म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग त्याच प्रमाणात वाढला, असं नाही. एका चाकावर ३७५ किलो भार आणि टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल, तर टेकणारा भाग साधारण १६० चौरस सेंटीमीटर असतो, मोठ्या माणसाच्या पंजाएवढा. भार आणि हवा तीच ठेवली, तर रुंद टायरमध्ये या भागाचं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, आकार बदलतो. लांबट ठसा आडवा होतो. आडव्या ठशामुळे वळणावर पकड सुधारते. पण त्याच आडवेपणाचे दोन तोटे आहेत.

पहिला, पाणी. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायरला ते बाजूला सारत पुढे जावं लागतं. रुंद टायरला एका वेळी जास्त पाणी सारावं लागतं आणि ठसा आखूड असल्यामुळे त्यासाठी वेळ कमी मिळतो. नक्षी झिजलेली असेल तर टायर पाण्यावर लवकर तरंगायला लागतो.

दुसरा, चाकोऱ्या. नगर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरचा. गाळप हंगामात उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस त्याच रस्त्यांवरून जातात आणि डांबरात चाकांच्या खोलगट रेषा पडतात. अरुंद टायर अशा चाकोरीतून बऱ्यापैकी सरळ जातो. रुंद टायरची एक कड चाकोरीच्या उतारावर चढते आणि गाडी आपोआप बाजूला ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. समोरून लोडेड ट्रॉली येत असताना हे ओढणं नुसतं त्रासदायक राहत नाही.

शिवाय वजन आहे. मोठं रिम आणि रुंद टायर बहुतेक वेळा मूळ चाकापेक्षा जड असतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्याला झेलायला टायरशिवाय काहीच नाही. जड चाक उंचवट्यावरून उसळलं की पुन्हा रस्त्याला टेकायला वेळ लावतं. तेवढा वेळ त्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते वळतं.

म्हणूनच 'राईड' म्हणजे केवळ आराम नाही. खराब रस्त्यावर राईड आणि पकड या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच रुंद टायरचा उपयोग.

गतिरोधक: नियमातला आणि गावातला

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरने त्यावरून सहज जाता यावं, अशी ही रचना.

पुढच्या आणि मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेली गाडी या गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली, तर दोन्ही चाकं गतिरोधकावरच असतात. त्यामुळे गाडीच्या पोटाखाली तो फक्त ५ सेंटीमीटर वर येतो. १३ सेंटीमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडी खाली बसवून १० वर आणली, तरी ५ सेंटीमीटर शिल्लक राहतात. गाडी घासत नाही.

आता गावाच्या वेशीवर, शाळेसमोर किंवा अपघातानंतर एका रात्रीत तयार झालेला गतिरोधक घ्या. समजा, तो १२ सेंटीमीटर उंच आणि जेमतेम एक मीटर रुंद आहे. तो दोन चाकांच्या मधे येतो तेव्हा चाकं खाली, सपाट रस्त्यावर असतात. म्हणजे पूर्ण १२ सेंटीमीटर पोटाखाली. मूळ गाडी एका सेंटीमीटरने सुटते. खाली बसवलेली दोन सेंटीमीटरने अडकते, आणि तेही गाडी स्थिर असताना. पुढची चाकं उतरताना नाक खाली दबतं आणि मागे माणसं, सामान असेल तर गाडी आणखी खाली बसते. घासतो तो सायलेन्सरचा पाइप किंवा इंजिनचा ऑइल चेंबर. चेंबर फुटला आणि ऑइल गेलं तरी गाडी तशीच पुढे नेली, तर विषय इंजिनवर जातो.

ही अडचण कंपन्यांना माहीत आहे. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाईनने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत 'अवंती' ही भारतीय स्पोर्ट्स कार दाखवली. ती दिसायला परदेशी सुपरकारसारखी होती, पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १७० मिलिमीटर ठेवला होता, सर्वसाधारण हॅचबॅकएवढा. पोर्शे, लॅम्बोर्गिनीसारख्या कंपन्या काही मॉडेलमध्ये बटन दाबून गाडीचं नाक वर उचलण्याची सोय देतात. म्हणजे ज्यांचा धंदाच बुटक्या गाड्या बनवण्याचा आहे, त्यांनीही उंचीची पळवाट ठेवली आहे.

नगरला हे वेगळं सांगायला नको

वाहन खराब जमिनीवर कसं टिकतं, हा प्रश्न नगर शहराच्या ओळखीचा आहे. डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे सर्वांना माहीत असलेली 'व्हीआरडीई', इथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार, वाहनाच्या नव्या मॉडेलची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये तिचा समावेश आहे. पुण्याची एआरएआय ही अशीच दुसरी संस्था.

शहरात १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालयही आहे. तिथल्या पॅटन रणगाड्याच्या चाकांकडे नीट पाहिलं, तर प्रत्येक चाक वेगळ्या आर्मवर बसवलेलं दिसतं. आतली पोलादी दांडी पिळली जाते आणि स्प्रिंगचं काम करते. शेतातून, नाल्यातून वेगाने जायचं तर चाकाला वरखाली व्हायला भरपूर जागा हवी, हा त्या रचनेचा पाया. चाळीसहून अधिक टनांच्या रणगाड्यालाही जो नियम चुकला नाही, तो दीड टनाच्या स्पोर्ट्स कारलाही चुकत नाही.

इथे मुद्दा असा की कंपनीची स्प्रिंग, शॉकअप, टायर आणि बम्प स्टॉप हा जुळवलेला संच असतो आणि चाचण्या त्या संचाच्या होतात. त्यातली एक वस्तू गॅरेजमध्ये बदलली की पुढची चाचणी मालकाच्या रोजच्या रस्त्यावर होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करताना याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेलं टायरचं माप, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. त्यापलीकडचा बदल करण्याआधी आरटीओत विचारणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं शहाणपणाचं. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी वादाचा मुद्दा होऊ शकतो.

तरीही बदल करायचाच असेल तर

- स्प्रिंग कधीही कापून घेऊ नये. कापलेली स्प्रिंग कडक होतेच, शिवाय चाक लोंबकळलं की ती जागेवरून सुटू शकते.
- ३०-४० मिलिमीटरऐवजी १५-२० मिलिमीटरच खाली आणावं. वरच्या उदाहरणातली गाडी दीड सेंटीमीटरच खाली आणली, तर ३० टक्के कडक स्प्रिंगवर तिची क्षमता मूळच्या सुमारे ८६ टक्के राहते, निम्मी होत नाही.
- कडक स्प्रिंगसोबत तिला जुळणारे शॉकअप घ्यावेत. मूळ शॉकअप कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत, मग गाडी उसळत राहते.
- रिम एक इंचापेक्षा जास्त वाढवू नये. चाकाचा एकूण व्यास मूळएवढा आणि टायरचा लोड इंडेक्स मूळएवढा किंवा जास्त असावा.
- रिमचा ऑफसेट तपासावा. चाक जास्त बाहेर आलं की बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात आणि टायर मडगार्डला घासतो.
- काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. गाडी खाली आली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात आणि नवे टायर आतल्या कडेने झिजतात. हेडलाइटची दिशाही तपासावी.
- हवा आठवड्याला तपासावी. बुटक्या टायरमध्ये थोडी कमी हवासुद्धा रिम वाकवायला पुरते.

दुकानात अलॉयचा सेट आवडला की प्रश्न बहुतेक वेळा किमतीचा आणि डिझाईनचा असतो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ही गाडी महिन्यातले किती दिवस समृद्धीवर जाणार आणि किती दिवस राहुरी, कोल्हार, राहात्याच्या रस्त्यावर? उत्तर दुसऱ्या बाजूला झुकत असेल, तर कंपनीने ठेवलेली ती तीन सेंटीमीटर जागा तशीच ठेवण्यात फायदा आहे.